‘मेक अप’मधला ‘अप’

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरावीच्या मुलांना एक सूचना हमखास ऐकू येते : ‘१०० मिलीपर्यंत व्हॉल्यूम मेकअप करा.’ समोर लांब मानेचा चंबू असतो आणि मानेवर काचेत कोरलेली एक बारीक रेघ. पदार्थ विरघळवून झाला की वरून ऊर्ध्वपातित पाणी सोडायचं, शेवटी शेवटी ड्रॉपरनं थेंब थेंब, आणि द्रावणाच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ त्या रेघेला टेकला की थांबायचं. औष्णिक वीज केंद्रात हाच शब्द निराळ्या कामावर भेटतो. कूलिंग टॉवरमधून सतत पाणी वाफ होऊन उडत असतं, थोडं तुषारांबरोबर वाऱ्यावर जातं, आणि उरलेल्या पाण्यात क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. या सगळ्या तुटीपोटी जे नवं पाणी आत घ्यावं लागतं ते ‘मेकअप वॉटर’. आणि नाट्यगृहाच्या रंगपटात, आरशाभोवतीच्या दिव्यांच्या उजेडात जे चालतं, तोही मेकअपच.

इंग्रजी शब्दकोशात ‘मेक अप’ काढून पाहिलं तर अर्थांची रांग लागते. गोष्ट रचणं, भांडण मिटवणं, तूट भरणं, चेहरा रंगवणं, अंथरूण घालणं, औषध तयार करणं, मनाशी ठरवणं, एखाद्या गोष्टीचा घटक असणं. आपल्याकडे शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये असे शब्द याद्या करून शिकवतात : डावीकडे फ्रेझल व्हर्ब, उजवीकडे अर्थ, आणि रात्री बसून पाठांतर. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. एका शब्दाला आठ असंबद्ध अर्थ असतील तर इंग्लंडमधल्या चार वर्षांच्या पोरानं ते पाठ केले कधी? त्यानं ते पाठ केलेलेच नसतात. त्याच्या कानाला त्या आठांच्या मुळाशी असलेली एक हालचाल कळलेली असते. ती हालचाल प्रयोगशाळेतल्या त्या चंबूत अगदी उघड दिसते.

चंबूत पाणी पडतं तशी पातळी वर चढते. इथे ‘अप’ म्हणजे खरोखरच ‘वर’. पण पातळी वर चढते ती कुठवर? रेघेपर्यंत. रेघ गाठली की काम संपलं. म्हणजे ‘वर जाणं’ आणि ‘पुरं होणं’ या दोन गोष्टी भांडं भरताना एकाच वेळी घडतात. इंग्रजीनं यातली पहिली हळूहळू सोडली आणि दुसरी तेवढी धरून ठेवली. ‘फिल अप’मध्ये अजून पातळी दिसते. ‘ईट अप’मध्ये ती नाही, ताटातलं अन्न उलट कमीच होत जातं, तरी ‘अप’ आहे, कारण ताट साफ करायचं आहे. ‘यूज अप’, ‘फिनिश अप’, ‘टाइडी अप’ यांत वरच्या दिशेचा मागमूसही उरलेला नाही. उरलंय ते फक्त ‘पार शेवटापर्यंत’. सुसान लिंडनर या भाषाअभ्यासिकेनं १९८१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच चिमुकल्या शब्दांवर अख्खा प्रबंध लिहिला. एवढ्याशा शब्दांवर प्रबंध म्हटल्यावर हसू येईल, पण त्यातून निघालेली गोष्ट मोलाची होती : या शब्दांचे अर्थ वाटेल तसे विखुरलेले नाहीत, ते एकमेकांतून फुटत गेले आहेत.

मराठी माणसाला हे अवघड का वाटावं, याचं मला नवल वाटतं. आपण स्वतः दिवसभर हेच करत असतो. ‘भरून काढणे’ घ्या. बुडालेला अभ्यास भरून काढला, झालेला तोटा भरून काढला. आता या दोन शब्दांकडे परक्याच्या नजरेनं बघा. एक म्हणतो भर, दुसरा म्हणतो काढ. भरायचं आणि काढायचंही? पुण्यात मराठी शिकायला आलेल्या एखाद्या जर्मन विद्यार्थ्याला हे शब्द सुटे सुटे भाषांतरित करून दिले तर तो डोकं धरून बसेल. आपल्याला मात्र त्यात विरोध जाणवतही नाही, कारण इथल्या ‘काढणे’तून बाहेर ओढण्याचा अर्थ केव्हाच गळून गेला आहे. लिहून काढणे, शोधून काढणे, पिंजून काढणे, झोडपून काढणे : सगळीकडे त्याचं काम एकच, क्रिया तडीला नेणं. ‘टाकणे’चंही तसंच. ‘लाडू खाऊन टाक’ म्हणताना कुणी लाडू फेकायला सांगत नाही. ‘ठरवून टाकलं’, ‘सांगून टाकलं’, ‘देऊन टाकलं’ यांत निकाल लावल्याची, हात झटकल्याची भावना आहे. ‘करून ठेव’ आणि ‘करून बस’ यांत केवढा फरक! पहिल्यात पुढची सोय आहे, दुसऱ्यात झालेली पंचाईत. मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात, आणि मो. के. दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून त्याचा खल चाललेला आहे. इंग्रजी जे काम क्रियापदाच्या मागे एक अव्यय लावून करते, ते मराठी मागे दुसरं क्रियापद लावून करते. ‘ईट इट अप’ला ‘खाऊन टाक’ याहून नेमकं भाषांतर सापडायचं नाही. तसं पाहिलं तर ‘मेक अप’चा सख्खा मराठी भाऊ ‘भरून काढणे’ हाच.

ही किल्ली हातात घेऊन आता ‘मेक अप’ची दालनं उघडत जाऊ. तुटीचं दालन सगळ्यांत सरळ. वेळ, पैसा, झोप, हजेरी, जे काही रेघेच्या खाली राहिलंय ते रेघेपर्यंत आणायचं. इथे इंग्रजी दोन रचना वापरते आणि त्यांत घोटाळा होतो. जे कमी पडलं ते थेट पुढे आलं तर ‘मेक अप’ : ‘मेक अप द डिफरन्स’, म्हणजे फरकाची रक्कम भरणं. पण गेलेली गोष्ट परत आणता येत नाही, तिच्या बदल्यात दुसरं काही द्यायचं आहे, असं असेल तर ‘मेक अप फॉर’. उंची कमी असलेला गोलंदाज अचूकतेनं ‘मेक अप फॉर’ करतो; त्याची उंची काही वाढत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘भरून काढणे’ चालतं. शिवाय आपल्याकडे ‘कसर’ आहे, ‘उणीव’ आहे, आणि सरकारदरबारी वजनदार असा ‘अनुशेष’ आहे. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याच्या सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष ‘भरून काढण्या’ची भाषा विधिमंडळात चालू आहे. हा मजकूर इंग्रजी पत्रकार लिहील तर ‘मेक अप द शॉर्टफॉल’ असं लिहू शकेल. रेल्वेतही हा अर्थ रुळलेला आहे. वीस मिनिटं उशिरा सुटलेली गाडी शेवटच्या स्थानकावर वेळेत पोचली की ‘लेट मेकअप केला’ असं म्हणतात. त्यात इंजिनचालकाचं कसब असतंच, पण वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात मुद्दाम ठेवलेल्या सैल मिनिटांचाही वाटा असतो. अमेरिकेत बुडालेली परीक्षा नंतर देता येते, तीही ‘मेकअप एक्झाम’. आपल्याकडच्या काही महाविद्यालयांनीही तो शब्द उचलला आहे.

जवळच्याच दालनात माणसं असतात. ब्रिज खेळायला तीनच जण जमले, चौथा हवा, तर शेजाऱ्याला ‘मेक अप अ फोर’साठी बोलावतात. संख्या पुरी करायची, रेघ गाठायची, एवढंच. यातूनच ‘मेकिंग अप द नंबर्स’ हा जरा बोचरा वाक्प्रचार आला. मोठ्या स्पर्धेत एखादा दुबळा संघ फक्त गटातली जागा भरायला आलाय असं म्हणायचं असेल तर समालोचक हे शब्द वापरतात. आपण अशाला ‘भरतीचा’ म्हणतो. बघा, परत भरच. याच्या उलट बाजूनं पाहिलं की ‘घटक असणं’ हा अर्थ मिळतो. सगळे भाग एकत्र आले की वस्तू पुरी होते, म्हणून भाग वस्तूला ‘मेक अप’ करतात आणि वस्तू भागांची ‘मेड अप ऑफ’ असते. इथे ‘बाय’ नको, ‘ऑफ’च हवा. वर्तमानपत्री इंग्रजीत ‘लोकसंख्येचा अमुक टक्के भाग’ सांगताना हा प्रयोग इतका सरावाचा झालाय की त्यात ‘अप’ आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

भाग जुळवून वस्तू तयार करण्याच्या अर्थानं ‘मेक अप’ एके काळी पुष्कळ धंद्यांत होता. औषध विक्रेता डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध ‘मेक अप’ करायचा. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांतला कंपाउंडर लाकडी फळीच्या पलीकडे बसून करायचा तेच : दोन बाटल्यांतलं थोडं थोडं द्रव घेऊन, पाणी घालून मिक्स्चर पुरं करायचं आणि बाटलीला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायची, म्हणजे किती डोस झाले ते कळावं. पाहुण्यांसाठी अंथरूण घालणं हेही ‘मेक अप अ बेड’. नुसतं ‘मेक द बेड’ म्हणजे सकाळी उठून चादर नीट करणं. जिथे अंथरूण नव्हतं तिथे गादी, उशी, पांघरूण आणून ते उभं करायचं झालं की ‘अप’ येतो. छापखान्यात खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यानं जुळवलेले मजकुराचे स्तंभ, मथळे आणि चित्रांचे ठोकळे चौकटीत बसवून पान पुरं करायचं, त्याला ‘पेज मेकअप’ म्हणत. मराठी वृत्तपत्रांत याला ‘पान लावणं’ म्हणतात आणि संगणक आल्यावरही उपसंपादक रात्री पानच लावतात.

खोट्या गोष्टीचं दालन मला सगळ्यांत गमतीचं वाटतं. जुळवण्याचा अर्थ असलेला शब्द खोटेपणाकडे कसा गेला? साक्षीदाराला सगळं आठवत नसतं. मध्ये मध्ये रिकाम्या जागा असतात. त्या तो आपल्या पदरचं घालून भरतो. मराठीत आपण नेमकं हेच म्हणतो : ‘पदरचं सांगतोय.’ गोष्ट पुरी करण्यासाठी लागणारा माल बाहेरून न आणता स्वतःच्या पदरातून काढला की झाली ती ‘मेड अप’. पोलिसांच्या भाषेत तो ‘बनाव’, पुस्तकी भाषेत ‘कपोलकल्पित’. पण इंग्रजी ‘मेक अप’ला दरवेळी खोटेपणाचा वास येतोच असं नाही. बाप मुलीला झोपवताना रोज नवी गोष्ट ‘मेक अप’ करतो ती लबाडी नव्हे. आणि ‘मेकिंग इट अप ॲज यू गो अलाँग’ म्हणजे वेळ येईल तसं सुचेल ते करत जाणं. नेत्याच्या धोरणाबद्दल म्हटलं तर ती टीका होते, आणि गायकाच्या तानांबद्दल म्हटलं तर कौतुकही होऊ शकतं.

आता चेहरा. आपल्याला ‘मेकअप’ म्हटल्यावर पहिल्यांदा हाच अर्थ आठवतो, पण घराण्यातला हा तसा धाकटा. इंग्रजी रंगभूमीवर नट एखाद्या भूमिकेसाठी ‘मेक अप’ होतो म्हणजे त्या पात्राला लागणारं सगळं अंगावर चढवून पुरा सजतो : कपडे, टोप, दाढी, रंग. पुढे यातला रंगाचा भाग तेवढा शब्दाला चिकटून राहिला. त्यात उजेडाचा मोठा हात होता. मेणबत्त्यांच्या जागी गॅसचे दिवे आले, आणि १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. असल्या प्रखर उजेडात साधा चेहरा पांढराफटक आणि सपाट दिसतो. डोळ्यांच्या खाचा, गालांची हाडं, ओठांची रेघ सगळं पुसलं जातं. उजेडानं खाल्लेलं रंगानं परत द्यायचं. म्हणजे इथेही तूट भरून काढणंच आलं, नटांना ते तसं वाटत असो वा नसो. बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर या ऑपेरा गायकानं १८७३ च्या सुमारास चरबीत कालवलेल्या रंगांच्या कांड्या विकायला सुरुवात केली आणि त्या युरोपभर गेल्या. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून कितीतरी काळ सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ यांच्यावरच काम भागत असे. मराठीनं या कलेला ‘रंगभूषा’ असा देखणा शब्द दिला. तो श्रेयनामावलीत अजून टिकून आहे. रंगपटात मात्र हाक ‘मेकअप’चीच मारली जाते.

रंगभूमीवरचा हा शब्द घराघरात नेण्याचं श्रेय बरंचसं मॅक्स फॅक्टर यांच्याकडे जातं. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू कारागीर १९०४ मध्ये अमेरिकेत आला आणि १९०८ मध्ये लॉस एंजेलिसला पोचला. त्या वेळी तिथे चित्रपटाचा धंदा नुकताच मूळ धरत होता. रंगमंचावरच्या जाड रंगाला कॅमेऱ्यासमोर भेगा पडायच्या. नाटकात दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्या दिसत नसत, पण पडद्यावर चेहरा भिंतीएवढा झाला की लपत नसत. फॅक्टरनं १९१४ मध्ये कांडीऐवजी डबीतून मिळणारा, पातळ लागणारा आणि चेहऱ्याबरोबर हलणारा रंग काढला. १९२० मध्ये त्यानं सर्वसामान्य बायकांसाठीच्या आपल्या मालाला उघडपणे ‘मेकअप’ म्हणायला सुरुवात केली. तोवर सभ्य घरांत ‘कॉस्मेटिक्स’ म्हणायची रीत होती. ‘मेकअप’ हा शब्द नट्यांचा आणि ज्यांच्याबद्दल कुजबुज चालते अशा बायकांचा मानला जाई. दुकानदारानं शब्द बदलला आणि पुढे तो जगातल्या अनेक भाषांत जाऊन बसला. मराठीत तो नाम म्हणून आला, ‘करणे’ लावून वापरात आला, आणि त्यातला ‘अप’ आपल्याला ऐकू येईनासा झाला. ‘मेकप’ असंच म्हणतो आपण बहुतेक जण.

भांडण मिटण्याच्या अर्थाला आपल्याकडे लहान मुलांचा नेमका शब्द आहे. कट्टी झाली, मग बट्टी झाली. ती बट्टी म्हणजे ‘मेक अप’. मैत्रीत पडलेली फट बुजवायची, तुटलेलं सांधायचं. मोठी माणसं बट्टी करत नाहीत, ती समेट करतात, तडजोड करतात, पण इंग्रजीत लहानथोर सगळे ‘मेक अप’च करतात. एक बारकावा मात्र सांभाळायला हवा. ‘मेक अप विथ’ म्हणजे त्या व्यक्तीशी पुन्हा गोडी करणं. ‘मेक इट अप टू’ म्हणजे तिला आपण जे दुखवलं त्याची भरपाई करणं : वाढदिवस विसरलेला नवरा हे वाक्य म्हणतो. आणि ब्रिटिश बोलीतलं ‘मेक अप टू’ म्हणजे काम साधण्यासाठी लाडीगोडी लावणं. मधला ‘इट’ निसटला की पश्चात्तापाचं वाक्य खुशामतीचं होऊन बसतं. ‘दे मेड इट अप’ हे तर एकटं वाक्य म्हणून वाचलं तर सांगताच येत नाही : त्यांचं भांडण मिटलं, की त्यांनी ते सगळं रचून सांगितलं? मागचंपुढचं वाक्य पाहिल्याशिवाय इंग्रज माणसालाही सांगता येणार नाही.

‘मेक अप युअर माइंड’बद्दल मात्र मला थोडी तक्रार आहे, आणि ती इंग्रजीविरुद्ध नाही. इकडेतिकडे ओढ घेणारं मन एकत्र आणून त्याचं एक काहीतरी करायचं, अशी त्यामागची कल्पना. ठीक आहे. पण अलीकडे मालिकांतून आणि बातम्यांतून ‘त्याने राजीनाम्याचं मन बनवलं आहे’ अशी वाक्यं कानावर पडतात. इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत असा त्याचा प्रवास. मराठीत मन बनत नाही. माणूस ठरवतो, मनाशी पक्कं करतो, मनाचा हिय्या करतो, नाहीतर मन घट्ट करतो. एवढे चार शब्द घरात असताना पाचवा उसना कशाला आणायचा?

इंग्रजांनाही आपल्या भाषेतला हा प्रकार अवघड आहे हे ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे अव्यय लावून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी माणसाला सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो, म्हणून आपण असे प्रयोग काळजीनं नोंदवले आहेत. या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळालं ते फार उशिरा. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ‘वर्ड्स अँड इडिअम्स’ या पुस्तकात ते वापरलं आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. चीज शेकडो वर्षं बोलण्यात होती, लेबल शंभर वर्षांचं.

त्याआधी, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, असली अव्ययं बऱ्याचदा क्रियापदाच्या पुढे चिकटत. ‘फरगिव्ह’, ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्या काळची उरलेली खूण. संस्कृतातल्या उपसर्गांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल : एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार; धातू तोच, उपसर्ग अर्थ कुठल्या कुठे नेतो. मध्ययुगात इंग्रजीनं हे पुढचे उपसर्ग घडवणं सोडत आणलं आणि अव्ययं क्रियापदाच्या मागे सुटी उभी राहू लागली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा आणि पुढे लॅटिनचाही लोंढा आला. त्यामुळे ‘मेक अप’च्या जवळजवळ प्रत्येक अर्थाला एक लॅटिन कुळातला भारदस्त जोडीदार मिळाला. इन्व्हेंट, कॉम्पेन्सेट, कॉन्स्टिट्यूट, रिकन्साइल, डिसाइड. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो, म्हणून हे भारदस्त शब्द आपल्याला आधी येतात आणि सोपे वाटतात. त्यांचे अर्थ ठाम असतात, इकडेतिकडे सरकत नाहीत. मग बायकोशी भांडण मिटलं हे सांगताना आपण ‘वुई रिकन्साइल्ड’ म्हणतो. चूक काहीच नाही. पण कुणी मराठीत ‘काल रात्री आमच्या उभयतांत सलोखा प्रस्थापित झाला’ असं म्हणालं तर जसं वाटेल, तसं ते त्या लोकांना वाटतं.

इंग्रजी सोपी करायला निघालेल्या माणसाचीच या शब्दांनी कशी फजिती केली ते पाहण्यासारखं आहे. चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. एकूण ८५० शब्द, त्यांत क्रियापदं अवघी अठरा, ती म्हणजे मेक, टेक, पुट, गेट, गिव्ह अशी. बाकी सगळं यांच्या जोडीला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ लावून भागवायचं. कल्पना इतकी गोंडस होती की १९४३ मध्ये चर्चिलनी हार्वर्डमधल्या भाषणात तिचा पुरस्कार केला. पण हिशेब करून बघा. ‘इन्व्हेंट’ हा शब्द यादीतून काढला आणि त्याऐवजी ‘मेक अप’ वापरा म्हटलं, तर शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं कुठे? ‘मेक’ त्याला येतं, ‘अप’ येतं, पण दोन्ही जोडून ‘रचून सांगणे’ होतं हे त्याला वेगळंच शिकावं लागणार. यादीत शब्द कमी आणि डोक्यात तेवढेच. परदेशी माणसापेक्षा ज्याची मायबोली इंग्रजी आहे त्याला ती यादी सोपी वाटली असणार.

वापरताना दोन गोष्टी कानाला लावून घ्याव्या लागतात. क्रियापद म्हणून बोलताना जोर ‘अप’वर पडतो, नाम म्हणून बोलताना ‘मेक’वर. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो, त्यामुळे आपलं बोलणं सपाट ऐकू येतं. आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं. ‘मेड अप अ स्टोरी’ चालेल, ‘मेड अ स्टोरी अप’ही चालेल, ‘मेड इट अप’ चालेल, पण ‘मेड अप इट’ हे इंग्रज माणसाच्या तोंडून कधी निघायचं नाही. जोर शेवटच्या ‘अप’साठी राखून ठेवायचा असतो, आणि ‘इट’सारख्या जोर न पेलणाऱ्या शब्दानं तिथे येऊन बसणं त्यांच्या कानाला खपत नाही.

लिव्हरपूलमध्ये आणि आयर्लंडच्या काही भागांत ‘आय ॲम मेड अप’ म्हणजे ‘मला फार आनंद झालाय’. मुलगी पास झाली, संघ जिंकला, नातू झाला : माणूस ‘मेड अप’. पुस्तकी इंग्रजी शिकलेल्याला वाटेल की हा स्वतःला खोटा म्हणतोय, नाहीतर रंगून बसलाय. पण मराठीत म्हणून बघा : ‘भरून पावलो.’ तोच शब्द, तीच रेघ गाठल्याची भावना. फक्त ते लोक उपहासानं म्हणतात की नाही कोण जाणे. आपण निम्म्या वेळा उपहासानंच म्हणतो.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत हल्ली आणखी एक प्रयोग ऐकू येतो. प्राध्यापक आजारी पडले, तास बुडाले, आणि परत आल्यावर ते वर्गाला सांगतात, ‘दोन लेक्चर्स राहिलीत, शनिवारी मेकअप करून टाकू.’ इंग्रजी ‘अप’ शब्दात आहेच, पण तो आता नामाच्या पोटात विरघळला आहे, त्याचं तडीला नेण्याचं काम मराठी कानाला पोचत नाही. म्हणून त्याच्या मागे आपलं ‘टाकणे’ येऊन उभं राहतं.